तिसरा अंक, किलोमीटर चौदा ते सतरा

मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी आमचे साहेब कालव्याच्या काठावर उभे राहून रडत होते.

मी ऑफिसात गेले तर शिपाई म्हणाला, साहेब पाटावर गेलेत, तिकडंच जा. कालव्याला इकडं सगळे पाटच म्हणतात. रुजू झाल्याचा कागद हातात धरून, नव्या सँडल घालून मी पाटाच्या कच्च्या रस्त्यानं अर्धा तास चालले. बघते तर पन्नाशीच्या पुढचा एक धिप्पाड माणूस, अंगात फिकट सफारी, एक हात आभाळाकडे, दुसऱ्या हातात लेव्हल घ्यायची लाल-पांढरी पट्टी उभी धरलेली, आणि डोळ्यांतून खरोखरचं पाणी. पाच पावलं मागं पाटकरी निवांत बिडी ओढत होता. पाटकरी म्हणजे कालव्याची दारं उघडणारा-लावणारा माणूस. मी घाबरून त्याला विचारलं, "साहेबांच्या घरी काही झालंय का?"

"काय न्हाई मॅडम," तो म्हणाला. "पंधरावा किलोमीटर हाय. सतराला गप व्हत्यात."

सतराला ते खरंच गप्प झाले. रुमालानं डोळे पुसले, माझा कागद घेतला, गुडघ्यावर ठेवून सही केली आणि म्हणाले, "या. उद्यापासून बूट घाला."

अशा माणसाच्या हाताखाली आपल्याला किती वर्षं काढावी लागणार, याचा हिशेब मी तिथंच करायला लागले. मला नाटकं आवडत नाहीत. आजही आवडत नाहीत. माणसांनी रंग फासून मोठमोठ्यानं बोलावं आणि बाकीच्यांनी ते बसून ऐकावं, यात काय आहे हे मला कधी कळलं नाही. मी स्थापत्य शाखा घेतली ती सिमेंट आणि लोखंड बोलत नाहीत म्हणून.

साहेब उपअभियंता होते. आमचं ऑफिस जुन्नर तालुक्यात, त्यांचं गाव आंबेगाव तालुक्यात, महाळुंगे पडवळच्या पलीकडं, आणि कालवा दोन्हीकडून जाणारा. तो साहेबांच्या गावापाशी संपायचा. म्हणजे नकाशात तिथं संपायचा. पाणी उन्हाळ्यात चार किलोमीटर अलीकडंच संपायचं.

त्या गावात चैत्रात यात्रा भरते आणि यात्रेत नाटक होतं. नाटक एकच, दरवर्षी तेच. गावातल्या एका मास्तरांनी पूर्वी कधीतरी लिहिलेलं, कुठं छापलेलं नाही, दोनशे पानी वहीत आहे. दुष्काळात राजा कोठाराला कुलूप घालतो, राजपुत्र ते फोडून लोकांना धान्य वाटतो, आणि राजाला पोटच्या पोराला शिक्षा द्यावी लागते. तिसऱ्या अंकात शिक्षा सुनावून झाल्यावर राजा एकटाच उरतो आणि बोलतो. बारा मिनिटं बोलतो. गावातल्यांनी घड्याळ लावून बघितलंय. गावातल्या बायका त्या बारा मिनिटांसाठी येतात आणि ते झालं की उठून स्वयंपाकाला जातात. हा राजा, मधली दोन वर्षं सोडली तर, गेली सत्तावीस वर्षं आमचे साहेब होते.

पूर्वी हे नाटक रात्री व्हायचं. आता उसात बिबटे इतके झालेत की रात्री पोरंबाळं घेऊन माळावर कोण बसणार? म्हणून यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पडदा उघडतो. चैत्राच्या उन्हात दाढी-मुकुट घालून राजा दरबारात येतो आणि पहिला अंक संपेपर्यंत घामानं त्याची एक भुवई खाली आलेली असते. साहेबांनी त्यावर उपाय काढला होता. ते माघातच स्वतःची दाढी वाढवायला घेत. भुवया तर त्यांना देवानंच राजाच्या दिल्या होत्या. कालव्यावरच्या शेतकऱ्यांना साहेबांच्या दाढीवरून कळायचं की उन्हाळी आवर्तन, म्हणजे उन्हाळ्यातली पाण्याची पाळी, किती दिवसांवर आली. एकदा वरिष्ठांनी बैठकीत विचारलं, "दाढी का वाढवलीत, नवस आहे का?" साहेब म्हणाले, "नाही सर, राज्य आहे."

ऑफिसात ते राजा असत आणि स्टेजवर इंजिनिअर, हीच खरी भानगड होती. दोन्हीकडचे लोक त्यांच्यावर वैतागलेले असत. आढावा बैठकीत सगळे अधिकारी भराभर आकडे वाचून मोकळे व्हायचे. साहेब उठत, कागद खाली ठेवत, खिडकीकडे बघत, आणि म्हणत, "आवर्तन." मग थांबत. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या की म्हणत, "पूर्ण." फोन उचलला की हॅलो म्हणायच्या ऐवजी "आज्ञा" म्हणत, मग तो फोन वरिष्ठांचा असो की सिमेंटच्या दुकानाचा. त्यांच्या घरी मी एकदा जेवायला गेले तेव्हा वहिनी मला हळूच म्हणाल्या, "मॅडम, आमटीत मीठ कमी पडलं तरी ह्ये सिंहासनावरनं सांगत्यात." वहिनी नाटकाला कधी जात नसत. रोज घरात बघते तेवढं पुरे, असं त्यांचं म्हणणं होतं.

आणि स्टेजवर गेले की हाच माणूस वाशांचे जोड तपासत बसायचा. नाटकाच्या आदल्या दिवशी नाट्यमंडळातल्या चौदा जणांना स्टेजवर चढवून एकदम उड्या मारायला लावायचे. भारचाचणी. प्रधानाचं काम करणारा दूधवाला वजनानं जास्त, म्हणून त्याला तीन वेगवेगळ्या जागी उड्या माराव्या लागत. राजाचा मुकुट पत्र्याचा होता आणि त्याचं ड्रॉइंग साहेबांनी स्वतः काढलं होतं, समोरून, बाजूनं आणि वरून, मापांसकट. फॅब्रिकेशनवाल्यानं ते दुकानात लावून ठेवलं होतं. लोक विचारत, ही कसली टाकी आहे म्हणून.

एका वर्षी तर भर दरबारात, राजपुत्राशी बोलता बोलता, साहेबांच्या लक्षात आलं की डावीकडचा खांब कलतोय. दुसरा कुणी असता तर ओरडला असता किंवा पळाला असता. साहेब संवाद म्हणत म्हणत तिकडं सरकले, खांबाला पाठ लावून उभे राहिले आणि उरलेला सगळा प्रवेश त्यांनी तिथूनच केला. राजपुत्राला कळेना, वडील जवळ का येत नाहीत. मिठी मारायची होती. शेवटी तो बिचारा स्वतः चालत गेला आणि राजा-खांब दोघांना मिळून मिठी मारून आला. प्रेक्षकांत बसलेले मास्तरांचे थोरले चिरंजीव नंतर म्हणाले, "राजा खचला ह्ये लई भारी दावलं, साहेब." साहेब म्हणाले, "खांब खचला व्हता. पाया दीड फूटच घेतलाय तुमी."

पण मी सांगत होते ते पाटावरच्या रडण्याबद्दल.

साहेबांना एका जागी बसून काही पाठ होत नसे. शाळेत असताना पाढेसुद्धा त्यांनी गुरांमागं चालत पाठ केलेले. नोकरी लागली, कालव्यावर रोज पायी तपासणी आली, तेव्हा त्यांनी वही खिशात घातली आणि चालता चालता राजा पाठ केला. पहिल्या किलोमीटरपासून. त्यामुळं नाटकातलं प्रत्येक वाक्य कालव्यावरच्या एकेका जागेला चिकटून बसलं. राजाचा दरबार पहिल्या दारापाशी. राणीशी भांडण तिसऱ्या किलोमीटरच्या पुलावर. प्रधानाची फितुरी नवव्याला, जिथं बाभळीचं बन आहे. आणि राजाचं एकट्याचं बोलणं चौदा ते सतरा, टेकडीच्या कुशीतून, मध्ये ओढ्यावरचा जुना दगडी जलसेतू. स्टेजवर उभे राहिले की साहेबांच्या डोळ्यांपुढं प्रेक्षक नसत, पाट असे. ते मनात चालू लागत आणि जागा येईल तसं वाक्य येई. मधल्या काळात दोन वर्षं त्यांची बदली मढच्या बाजूला झाली होती. तिकडं डोंगर, भातखाचरं आणि पाऊस, पण पाट नाही. "दोन वर्षं मुका होतो," असं ते त्या काळाबद्दल सांगत. पुढं कोकणात बढती आली ती त्यांनी याच भीतीनं नाकारली आणि अर्जात 'घरगुती कारण' लिहिलं.

याचा त्रास आम्हाला. साहेब सकाळी फोन करून सांगत, "मॅडम, फितुरीपाशी गळती आहे, माणूस पाठवा." सुरुवातीला मला कळेना. मग मी एक तक्ता केला आणि टेबलाच्या काचेखाली ठेवला. राणीचं भांडण म्हणजे दोन किलोमीटर सातशे, हेराचा प्रवेश म्हणजे अकरा चारशे. वर्षभरानं तक्ता लागेनासा झाला. एकदा मी मोजणीच्या वहीत 'फितुरीच्या पुढे तीस मीटर' असं शाईनं लिहून गेले आणि मग ती ओळ खोडताना स्वतःवरच चिडले.

साहेबांना काम येत नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये. त्यांच्याइतका कालवा कळलेला माणूस मी नंतर बघितला नाही. पाण्याच्या आवाजावरून ते सांगायचे की खाली कुणीतरी दार चोरून उचललंय. आणि पाळी सुटली की त्यांचा एकच धोशा असायचा, "आवाज शेवटच्या रांगेला पोचला पाहिजे आणि पाणी शेवटच्या वावराला." पहिला भाग त्यांना सत्तावीस वर्षं जमत होता. दुसरा जमत नव्हता, आणि शेवटचं वावर त्यांच्याच गावात होतं.

कारण हेच, चौदा ते सतरा. टेकडीच्या कुशीत खाली सगळा मुरूम, त्यात पाणी जिरायचं, आणि तो जलसेतू तर जागोजागी ठिबकायचा. किती वेळा डागडुजी केली. शेवटी वरून विचारणा झाली की एवढा तुकडा बंद नळीतून नेता येईल का. सर्वेक्षण माझ्याकडं आलं. मी दोन महिने उन्हातान्हात फिरून मोजणी केली, अंदाजपत्रक केलं, नकाशे जोडले. जुना पाट बुजवायचा, जलसेतू पाडायचा, खालून नळी. पाणी सरळ शेवटच्या गावाला. माझं पहिलं मोठं काम. फाईल साहेबांच्या टेबलावर ठेवली तेव्हा मला वाटलं, साहेब नाचतील.

साहेब म्हणाले, "बघतो."

एक महिना गेला. दुसरा गेला. फाईल टेबलावरून कपाटात गेली. मग एक दिवस त्यांच्या गावातले पाच-सहा शेतकरी ऑफिसात आले. साहेब बाहेर होते म्हणून माझ्यासमोर बसले. त्यांच्यातला एक कांदेवाला साहेबांच्या भावकीतलाच होता.

"मॅडम, तुमी तरी सांगा त्यास्नी," तो म्हणाला. "राजा आमचाच हाय, पर पाणी न्हाई. कांदा करपून चाललाय. आमी इच्यारलं तर नुसतं बघतो म्हणत्यात. तिकडं बाकीची गावं म्हणत्यात, तुमचा मानूस हाय, तुमचं काम आधी करल. आन आमचंच अडलंय."

मला भयंकर राग आला. माझ्या कामाचा अपमान झाला याचा आला, हे मी कबूल करते. करपणाऱ्या कांद्याचा नंबर दुसरा होता. मी तशीच उठले आणि पाटावर गेले. साहेब चौदाव्या किलोमीटरच्या दगडावर बसले होते. पाटकरी लांब उभा होता. मी म्हटलं, "साहेब, फाईलमध्ये काय चुकलंय ते सांगा. मी दुरुस्त करते."

"काही नाही चुकलं," ते म्हणाले. "आकडे मी तीनदा तपासले. कुठं चूक सापडती का बघत व्हतो. न्हाई सापडली."

साहेब माझ्याशी नेहमी शुद्ध बोलायचे. त्यांची बोली घसरली की समजायचं, राजा बाजूला झालाय.

मग ते उठून चालायला लागले आणि मी मागोमाग. चौदापासून त्यांनी सुरू केलं. चार वर्षं मी त्यांच्या मागं हे ऐकत चालले होते, पण कान देऊन नाही. माझं लक्ष लेव्हलच्या आकड्यांकडं असायचं. त्या दिवशी हातात काही नव्हतं. "कुलूप मी घातलं. किल्ली माझ्या कमरेला. मग चोर तू कसा, बाळा?" हे वळणापाशी. "राजदंडा, तू लाकडाचा आहेस म्हणून सरळ उभा आहेस. मी हाडामांसाचा आहे. मला वाकू दे." हे जलसेतूवर, बरोबर मधल्या कमानीवर. खाली ओढा कोरडा होता आणि सेतूतून पाणी ठिबकत होतं. सतराला ते थांबले.

"ह्ये बुजवलं की ह्ये गेलं," ते म्हणाले. "मला दुसरीकडनं येत न्हाई मॅडम. लई प्रयत्न केलाय मी."

जे म्हणायला नको होतं ते मी म्हटलं. "म्हणजे नाटकासाठी तुम्ही गावाचं पाणी अडवलंत?"

"दोन महिने," ते म्हणाले. "हो."

त्यांनी ते सरळ मान्यच करून टाकलं. भांडायची तयारी करून गेलेल्या माणसाची फार पंचाईत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात आले तेव्हा फाईल माझ्या टेबलावर होती, शिफारशीसकट, सहीसकट. सही स्वच्छ होती. नाटकात शिक्षेच्या हुकमावर सही करताना राजाचा हात इतका थरथरायचा की मागच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. इथं एक रेघ हलली नव्हती.

काम पुढच्या वर्षी झालं. जलसेतू पाडायला मशीन आलं त्या दिवशी साहेबांनी रजा टाकली नाही. टोपी घालून उभे राहिले आणि दगड कुठं टाकायचे ते सांगत राहिले. उन्हाळी पाळी सुटली आणि नळीतून पाणी बाहेर पडून त्यांच्या गावच्या चारीला, म्हणजे शेतांकडं जाणाऱ्या छोट्या पाटाला लागलं, शेवटच्या वावरापर्यंत गेलं. लोकांनी नारळ फोडला. भावकीतला तो कांदेवाला पाण्यात उतरून नुसता उभा राहिला, बराच वेळ. साहेब हात मागं बांधून बघत होते. इतकी चांगली संधी असून त्यांनी एकही वाक्य म्हटलं नाही, तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

मग सुरू झाली धडपड. साहेब बुजवलेल्या पाटावरून चालून बघायचे. "नुसती माती," म्हणायचे. "मातीत काय दिसणार." जुन्या खुणांच्या जागी त्यांनी चुन्यानं रंगवलेले दगड ठेवले. शेजारच्या शेतकऱ्यानं ते उचलून बांधाला लावले, चांगले दगड होते म्हणून. फोनमध्ये स्वतःचा आवाज भरून कानाला लावला, तर पुढच्या वाक्याच्या आधी त्यांना झोप यायची. वही घेऊन देवळात बसले. वहिनी समोर वही धरून बसल्या आणि तिसऱ्या दिवशी वहिनींनाच ते पाठ झालं. साहेब चौदापर्यंत घोड्यासारखे जायचे आणि चौदाला पाय जमिनीला खिळायचे. सतरानंतर पुन्हा सुरळीत.

इकडं मंडळात कुजबुज सुरू झाली. गावात मेडिकलचं दुकान चालवणारा तिशीतला एक मुलगा होता, त्यानं पंधरा दिवसांत सगळा राजा पाठ केला होता. आवाज चांगला, उंची चांगली, वागायला गोड. वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं. मंडळानं साहेबांना सांगितलं, मोठ्या आदरानं सांगितलं, की यंदा तुम्हीच करा, पण त्या जागेला अडलात तर मेडिकलवाला आत तयार असंल. तो पुढं चालू करल. आन मग पुढच्या वर्षीपासून तोच. साहेब म्हणाले, "बरोबर आहे. पर्यायी व्यवस्था ठेवलीच पाहिजे." इंजिनिअर माणूस, दुसरं काय म्हणणार.

त्या वर्षी यात्रेला गावानं मला बोलावलं. पाणी आलं म्हणून शाल, नारळ आणि पहिल्या रांगेत खुर्ची. नाटक बघायची माझी पहिलीच वेळ. सकाळची नऊची वेळ, डोक्यावर शेडनेट, शेजारी सरपंच, मागं सगळं गाव. पहिला अंक बघताना मी मनात तक्ता लावत होते. हे पहिलं दार. हा तिसऱ्याचा पूल. ही फितुरी. मला कधी नव्हे ते सगळं समजत होतं.

तिसऱ्या अंकात शिक्षा झाली, राजपुत्र गेला, राजा एकटा उरला. साहेब पुढं आले, तोंड उघडलं आणि थांबले.

लोकांना वाटलं नेहमीचा विराम आहे. साहेबांच्या विरामांची त्यांना सवय होती. पण मला माहीत होतं, हा चौदावा किलोमीटर आहे. साहेबांचे डोळे समोर काहीतरी शोधत होते आणि तिथं नुसती माती होती. विंगेत मेडिकलवाला उठून उभा राहिलेला मला दिसला. त्याच्याही अंगावर राजाचा झगा होता. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं.

आणि त्या क्षणी मला कळलं की पुढचं वाक्य मला येतंय. नुसतं वाक्य नाही, सगळं. चार वर्षं लेव्हलची वही घेऊन मागं चालताना ते माझ्यात उतरलं होतं, मला न विचारता. मोठ्यानं सांगायची माझी हिंमत नव्हती. सरकारी अधिकारी, खांद्यावर शाल, शेजारी सरपंच. मी फक्त ओठ हलवले. कुलूप मी घातलं.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं.

"कुलूप," ते म्हणाले. मग थांबले. "मी घातलं."

बारा मिनिटांचं बोलणं त्या दिवशी वीस मिनिटं चाललं. मी ओठ हलवायचे, ते वाचायचे आणि म्हणायचे. राजा एकेक शब्द जणू विहिरीतून शेंदून काढत होता. जलसेतूचं वाक्य आलं तेव्हा माझा श्वास पुरेना आणि ओठ थरथरायला लागले, तर साहेबांनी वाक्यही तसंच थरथरत म्हटलं. मागं कुणी खोकलं नाही. सरपंचांनी चष्मा काढला. सतरा आला तसे साहेब एकदम मोकळे झाले, माझ्यावरची नजर काढली आणि पुढं धावत सुटले. मेडिकलवाला विंगेत खाली बसला होता आणि रडत होता.

नाटक संपल्यावर लोकांनी त्यांना घेरलं. "आज त्या जागेला लई सावकाश बोलला साहेब. काळजात हात घातला." मास्तरांचे चिरंजीव म्हणाले, मास्तरांच्या मनात असंच असणार. साहेब हात जोडून सगळ्यांचं ऐकत होते. मी जवळ गेले. मला वाटलं आभार वगैरे मानतील. त्यांनी मुकुट काढून माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "सोळाव्या किलोमीटरला एक वाक्य खाल्लंत तुम्ही."

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. माझी बदली पुण्याला, डिझाइनच्या ऑफिसात. तरी दर चैत्रात मी रजा टाकून त्या गावाला जाते, पहिल्या रांगेत बसते आणि चौदा ते सतरा ओठ हलवते. घरच्यांना मी सांगते की त्या गावानं पाण्यामुळं मला मानानं बोलावलंय. ते खरंही आहे. पण खरं सांगायचं तर मला तिथं नसण्याची भीती वाटते. मी नसले तर तो माणूस राजा राहणार नाही, एवढी मोठी गोष्ट माझ्या हातात आजवर कुणी दिलेली नव्हती. नोकरीत आमच्या हातात फक्त फायली देतात.

यंदा पुण्याहून जाताना पेठ गावाच्या अलीकडं एक ट्रक रस्त्यात आडवा बंद पडला आणि दोन तास रांग हलेना. मी गाडीत बसून घड्याळ बघत होते. दहा वाजले. साडेदहा. पहिला अंक संपला असेल, दुसरा लागला असेल. साहेबांना फोन करून उपयोग नव्हता, राजाच्या झग्याला खिसा नसतो. रांग सुटली तेव्हा मी गाडी कशी हाकली ते मला आठवत नाही. गावात पोचले, गाडी माळावर सोडली, मंडपाकडं पळत गेले. पुढं जायला वाट नव्हती. माझी खुर्ची दिसली, रिकामी. त्यापलीकडं राजा एकटा उभा होता आणि बोलत होता.

जलसेतूचं वाक्य चालू होतं. साहेब अडखळत नव्हते. सावकाश, पण सलग, एकही शब्द न गाळता. मी बायकांच्या मागं उभी राहून सगळं ऐकलं. आनंद व्हायला हवा होता आणि मला वाईट वाटलं. आपली गरज संपली, हे मला त्या गर्दीत उभं राहून कळलं आणि ते मला आवडलं नाही. शेवटी मी टाळ्याही जरा कमीच वाजवल्या.

नंतर साहेब रंग पुसत बसले होते तिथं मी गेले. साहेब आता सत्तरीकडं झुकलेत. मी म्हटलं, "झालं की पाठ. मला उगाच दर वर्षी पळवता."

"कुठं झालंय," ते म्हणाले. "वही मला अजून येत न्हाई."

"मग आज कसं म्हटलंत? मी तर शेवटपर्यंत मागं उभी होते."

"मागं व्हता?" त्यांना खरंच नवल वाटलं. "मला तर पुढंच दिसत व्हता. चौदाला आलो की दिसताच तुम्ही. तोंड वाकडं करून, मांडीवर पर्स घेऊन, ओठ हलवत. मी वाचतो आणि म्हणतो."

त्यांनी गालावरचं खोबरेल पुसलं आणि आरशात भुवया नीट केल्या. मी पर्स या हातातून त्या हातात घेत उभी राहिले. तीन किलोमीटर पाट बुजवून मी तिथं नळी घातली होती. त्यांनी तिथं मला घातलं होतं, आणि मला पत्ताही नव्हता.